माझगावच्या बंगल्यातील वायुदिवे



माझे शाळेतील शिक्षण बेताचे. जे काही कळते ते वाचनालयात आणि यंत्रापाशी उभे राहून कळलेले. तेव्हा विज्ञानावर बोलावयाचे तर आपणांस विलायतेच्या प्रयोगशाळांत नेण्यापेक्षा येथून हाकेच्या अंतरावर झालेला एक उद्योग सांगतो.

मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले ते १८६५ साली. पण त्याच्या एकतीस वर्षे आधी, १८३४ मध्ये, माझगावातील एक बंगला आणि त्याची बाग वायूच्या दिव्यांनी उजळली होती. बंगला अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा. जन्म १८०८ चा, म्हणजे वय अवघे सव्वीस.

घराणे जहाजे बांधणाऱ्यांचे. मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. या घराण्याने १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे! अशा लाकडाच्या घराण्यात जन्मून हा तरुण लोखंडाच्या आणि वाफेच्या नादी लागला. १८३३ मध्ये त्याने ‘इंडस’ नावाचे साठ टनांचे जहाज बांधले व त्यास वाफेचे यंत्र बसविले.

आता तो वायू कसा करतात पाहा. लोखंडाच्या बंद भांड्यात दगडी कोळसा भरावयाचा व बाहेरून जाळ लावावयाचा. आत हवा नसल्याने कोळसा जळत नाही. त्यातून वायू सुटतो. बरोबर डांबर येते, दुर्गंधी येते. म्हणून तो गार करावयाचा, चुन्यातून काढावयाचा आणि पाण्यावर पालथ्या घातलेल्या टाकीत साठवावयाचा. टाकीच्या वजनानेच तो नळांतून पुढे ढकलला जातो. ऐकावयास सोपे, पण एक सांधा गळला तर दिव्याऐवजी घर पेटावयाचे. इंग्लंडात १७९२ च्या सुमारास हा प्रयोग आपल्या घरात करणारा विल्यम मर्डॉक हाही वाफेची यंत्रे बसविणाराच माणूस, म्हणजे आपल्या भाषेत फिटर.

१८३९ मध्ये अर्देशीर विलायतेस गेले. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. निवडीच्या कागदात त्यांच्या नावापुढे मांडले होते ते हेच: वायूचे दिवे आणि यंत्र बसविलेले जहाज. दुसरे हिंदी सभासद रामानुजन, १९१८ साली. रामानुजनांचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. अर्देशीरांचे नाव आमच्या माझगावात विचारून पाहा!

त्याच १८४१ साली कंपनी सरकारने त्यांस मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत मुख्य इंजिनिअर नेमले. हाताखाली गोरे कामगार. झाले, येथल्या इंग्रजी वर्तमानपत्राने ओरड केली की हे काम एतद्देशीयास झेपावयाचे नाही. माझ्या मते तो आक्षेप विद्येवर नव्हताच. हुकूम कोणी द्यावा, यावर होता.

अर्देशीरांनी त्याला उत्तर दिले कामाने. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत झाले होते. शिवणयंत्र, फोटोग्राफी, विजेचा मुलामा हेही त्यांनी मुंबईस दाखविले. १८७७ मध्ये लंडनजवळ रिचमंड येथे ते वारले. असो. पण ते धनी होते. त्यांचे नाव लंडनच्या यादीत चढले. ओतशाळेत वाळूचा साचा दाबणाऱ्याचे कोणत्या यादीत चढावयाचे?

हे मी उगाच विचारीत नाही. विशीत मी एका कारखान्यात फिटर होतो. तेथे यंत्रांची ड्रॉइंगे कपाटात कुलपात असत. बिघाड झाला की दोष आम्ही हाताने चाचपून काढावयाचा आणि वहीत सही साहेबाची पडावयाची. पुढे युनियनच्या मागणीपत्रकात पगारवाढीच्या खालीच आम्ही कलम घातले की ड्रॉइंगे कामगारांस पाहावयास मिळावीत. काही सोबती हसले. म्हणाले, पगाराचे समजते, कागद कशाला? तिसऱ्या वर्षी ते कलम मान्य झाले आणि एक प्रत खात्यातल्या भिंतीवर लागली. महिन्याभरात तेलकट बोटांनी ती इतकी काळी झाली की दुसरी मागवावी लागली. हसणाऱ्यांपैकी एकाने तर तिच्यातील एक माप चुकीचे असल्याचे दाखवून दिले, आणि ते खरेच चुकीचे निघाले.