हृदयाची लय आणि कामाची घाई



हृदयाची बिघडलेली लय सुधारण्यासाठी नागपूरला अ‍ॅब्लेशन करून आलेला रुग्ण प्रथम विचारतो, ‘कामावर कधी जाऊ?’ जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेलेली असते. म्हणून बैठे काम करणारा काही दिवसांत रुजू होऊ शकतो; भद्रावतीच्या कोळसा खाणीत वा आयुध निर्माणीत वजन उचलणाऱ्याने मात्र निदान आठवडाभर थांबावे. पहिले तीन महिने अधूनमधून धडधड झाली, तरी उपचार फसला असे मानू नये. रक्त पातळ ठेवणारे औषध स्वतःहून थांबवू नये. भोवळ, धाप, ताप वा गिळताना वेदना झाल्यास तत्काळ यावे. रोजी बुडण्याची भीती आम्ही जाणतो. म्हणूनच आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना नेमके सांगून हलक्या कामाची शिफारस लेखी मागून घ्यावी, ही विनंती.