हसतंय कोण, आणि कुणाला?

रविवारची सकाळ आहे, तुमच्याकडे चहा-पोहे चालले असतील. मुलं आसपास असतील तर त्यांनाही बोलवा, आज कॉमिक्सबद्दल बोलायचं आहे.

माझ्या दहा वर्षांच्या लेकीनं परवा लायब्ररीतून लोइस लेनच्या जुन्या गोष्टींचा जाडजूड संग्रह आणला. लोइस म्हणजे सुपरमॅनच्या गोष्टींतली बातमीदार, १९३८ पासूनची. १९५८ मध्ये तिच्या नावाचं वेगळं कॉमिक निघालं, पण त्याच्या नावातही ती 'सुपरमॅनची गर्लफ्रेंड'च! विनोद बहुतेक ठरलेला. लोइस सुपरमॅनचं गुपित शोधायला जाते, तोंडघशी पडते, आणि तो गालातल्या गालात हसतो.

मीही हसलो. लेक म्हणाली, "बाबा, ती रिपोर्टर आहे ना? गुपित शोधणं हेच तर तिचं काम. मग त्यात हसायचं काय?"

मला उत्तर सुचेना. आदल्याच आठवड्यात एका मित्राकडे 'बायको आणि शॉपिंग' छापाचा विनोद सांगून मी टाळ्या घेतल्या होत्या. लेक तिथेच बसली होती.

मग आम्ही दोघांनी मिळून आणखी कॉमिक्स धुंडाळली. वंडर वूमन १९४१ ची. पुढच्याच वर्षी तिला सुपरहिरोंच्या जस्टिस सोसायटीत घेतलं, ते सेक्रेटरी म्हणून! आपल्याकडे नाही का, 'जेवणाचं वहिनी बघतील'? १९६१ मध्ये फॅन्टास्टिक फोर आलं. त्यातला रीड 'मिस्टर' फॅन्टास्टिक, आणि स्यू 'इन्व्हिजिबल गर्ल'. १९६५ मध्ये दोघांचं लग्न झालं, १९६८ मध्ये मुलगा झाला, तरी ही आपली 'गर्ल'च. तिची 'वूमन' व्हायला १९८५ उजाडलं. हे वाचून लेक पोट धरून हसली. या वेळी आम्ही स्यूला हसत नव्हतो, नाव ठेवणाऱ्यांना हसत होतो.

असं हसू कॉमिक्समध्येही पुढे आलं. १९८९ च्या मालिकेतली शी-हल्क, व्यवसायानं वकील, चक्क आपल्या लेखकाशीच भांडते. आणि २०१४ पासून स्वतःची मालिका असलेली मिस मार्व्हल, म्हणजे आपल्या शेजारच्या जर्सी सिटीतली कमला खान! शक्ती मिळाल्यावर ती आधी सोनेरी केसांची, उंच बुटांची हिरॉइन होऊन बघते. तर केस तोंडावर येतात आणि बूट चावतात. विनोद आहेच, पण तो त्या ठरीव रूपावर आहे, कमलावर नाही.

विनोद बंद करा असं मी म्हणत नाही, विनोदाशिवाय आपली मराठी मैफल कसली! फक्त या आठवड्यात मुलांबरोबर एखादं कॉमिक वाचा आणि त्यांना विचारा, इथे हसतंय कोण, आणि कुणाला?

गेल्या शनिवारी पुन्हा मित्रमंडळी जमली. माझा तो जुना विनोद ओठांवर आला होता, तेवढ्यात लेक समोर दिसली. मग मी स्वतःचाच किस्सा सांगितला, चार तास खपून कपाट जोडलं आणि शेवटी सात स्क्रू उरले त्याचा. टाळ्या जरा कमी पडल्या, पण बायको आणि लेक दोघी खळखळून हसल्या.

भेटू पुढच्या रविवारी. नमस्कार!