आधी चित्र, मग सृष्टी



कुंभकोणमहून तंजावरला जाताना सुंदरपेरुमाळ कोयिल हे छोटं स्टेशन लागतं.
भोवती कावेरीच्या पाण्यावरची भातशेती.

याच तंजावरात १९व्या शतकाच्या आरंभी मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी देवनागरी छापखाना काढला.
तिथं मुलांसाठी 'बालबोध मुक्तावली' छापली गेली.
इसापच्या गोष्टी, आपल्या मराठीत!

राजांनी पशुपक्ष्यांची, वनस्पतींची चित्रंही काढून घेतली.
तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हा वारसा जपला आहे.

आईबाबांनो, तुम्हीही आज रात्री मुलाला मांडीवर घ्या.
चित्रांचं पुस्तक उघडा.
चित्रातला बगळा दाखवा.
सकाळी शेतातला बगळा दाखवा.

“हा कुणी घडवला?” असं मूल विचारेल.
उत्तराची घाई नको.
त्या नवलातूनच श्रद्धा रुजते.

लक्षात ठेवा.
आधी चित्र, मग सृष्टी.