नाव, कागद आणि कळ



आपल्याकडे दवाखान्यात गणवेशातली बाई दिसली की आपण हाक मारतो, ‘सिस्टर’. कालच रुजू झालेली मुलगी असो की निवृत्तीला टेकलेली बाई, दोघींना एकच हाक. त्या हाकेत आर्जव असतं, थोडी भीती असते आणि पुष्कळसा विश्वास असतो. इंग्लंडमधल्या रुग्णालयात मात्र सिस्टर हा हुद्दा आहे. वॉर्ड जिच्या हाताखाली चालतो, ती सिस्टर.

माझी एक भाची मिरजेत नर्सिंग शिकली. पुण्यात सहा वर्षं तिने अतिदक्षता विभागात काढली. २०२२ साली ती इंग्लंडला गेली. इथे ती सगळ्यांची सिस्टर होती. तिथे उतरली त्या दिवशी सिस्टर तर नव्हतीच, पण नोंदणीकृत नर्सही नव्हती. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर मदतनीस अशा अर्थाचं पद लिहिलं होतं. हात तेच, डोळे तेच, रात्रपाळ्यांचा अनुभव तोच. फक्त त्या देशाच्या नोंदवहीत तिचं नाव अजून चढलेलं नव्हतं. या मधल्या काळाबद्दल मला आज बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नोंदणी हा नर्सचा अपमान नव्हे. ती रुग्णाची हमी आहे. शुद्ध हरपलेला माणूस समोरच्या बाईला ‘तू कुठे शिकलीस’ असं विचारू शकत नाही. त्याच्या वतीने ते विचारणारी संस्था लागते. आपल्याकडेही अशी नोंदवही आहे. मुंबई इलाख्याने १९३५ साली नर्सेससाठी कायदा केला, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६६चा. नोंदवह्या राज्याराज्यांच्या आहेत. म्हणून मिरजेची मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली, जेमतेम तीन तासांचा रस्ता, तरी तिला कर्नाटकाच्या परिषदेकडे अर्ज करावा लागतो आणि महाराष्ट्राच्या परिषदेकडून पडताळणी मागवावी लागते. परदेशाचं तर बोलायलाच नको.

भाचीची पहिली लढाई इंग्रजीशी झाली नाही. ती झाली स्वतःच्या नावाशी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव ‘मुल्ला’, इंग्रजीत दोन ‘एल’ घालून. नर्सिंगच्या पदविकेवर कुणा कारकुनाने एकच ‘एल’ लिहिलेला. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव, आणि मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं. आपल्याकडे तिला ओळखणाऱ्याला यात काही खटकणार नाही. पण समुद्रापलीकडे टेबलाशी बसलेल्या माणसासमोर तीन कागद होते आणि त्याला त्यात तीन बायका दिसत होत्या. शपथपत्र झालं, राजपत्रात नावबदलाची जाहिरात झाली, विवाह नोंदणीचा दाखला जोडला. एका ‘एल’ने दोन महिने खाल्ले.

आमच्या समाजात हा त्रास जरा अधिकच. शेख, सय्यद, काझी ही नावं उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना दर मुक्कामाला वेगळा वेष घेतात. पण कुलकर्णी आणि चौधरीही त्यातून सुटत नाहीत. मी कवी माणूस, एका मात्रेवरून अडून बसणारा. पण अक्षराची खरी किंमत मला त्या दोन महिन्यांत कळली. घरात कुणी नर्सिंगला जात असेल तर दहावीच्या दाखल्यापासून नावाचं स्पेलिंग एक ठेवा. नंतर दुरुस्त करण्यापेक्षा तेव्हा भांडणं स्वस्त पडतं.

नावानंतर कागद. तिची पहिली नोकरी एका छोट्या खाजगी इस्पितळात होती. ती सोडताना मालक डॉक्टरांनी अनुभवाचा दाखला दिला नाही. ‘अशी मध्येच चाललीस, दाखला कसला मागतेस?’ त्या दीड वर्षाच्या रात्री कागदावर कुठेच नाहीत. आखाती देशांत जाणाऱ्या मुलींना हे जास्त जाचतं. तिथले परवाने देणारे विभाग प्रमाणपत्र अर्जदाराच्या हातून घेऊन थांबत नाहीत. पडताळणी करणारी कंपनी थेट कॉलेजला आणि इस्पितळाला लिहून विचारते. इस्पितळ बंद पडलं असेल किंवा उत्तरच देत नसेल, तर खरा अनुभवही खोट्यासारखा दिसतो. म्हणून नोकरी सोडताना पगाराच्या हिशेबाआधी दाखला घ्यावा. आणि इथली आपली नोंदणी, जिचं ठराविक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ती जाण्याआधी जिवंत ठेवावी. मागचा दरवाजा बंद झाला की पुढचाही उघडत नाही.

मग परीक्षा. ब्रिटनच्या परिषदेला इंग्रजीचा पुरावा लागतो. आयईएल्टीएस या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ गुण आणि लेखनात साडेसहा. भाची लेखनात दोनदा सहावर अडली. कुठल्याशा सामाजिक प्रश्नावर दोन्ही बाजू मांडणारा निबंध लिहायचा, आणि हिची सवय चार ओळींत रुग्णाची अवस्था लिहायची. मग तिने ओईटी ही वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांसाठीची परीक्षा दिली. तिथे लेखनात एका रुग्णाबद्दलचं पत्र लिहायचं असतं. ते तिने एका दमात लिहिलं. ज्याचा अनुभव असतो त्याला शब्द सापडतात, हे आम्हा लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे.

नंतर संगणकावरची परीक्षा, तीही भारतात बसूनच. त्यात औषधांची गणितं असतात. पाचशे मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचं, मिलिलिटरला वीस थेंब, तर मिनिटाला किती थेंब? बेचाळीस. हे ती झोपेतही सांगेल.

खरी कसोटी तिथे गेल्यावरची, ओस्की नावाची. दहा टप्पे, प्रत्येक ठिकाणी परीक्षक, काही ठिकाणी रुग्णाचं सोंग घेतलेला माणूस. सुई टोचणं, मलमपट्टी करणं यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. ती अडली बोलण्यात. आपल्या वॉर्डात सिस्टर म्हणते, ‘चला काका, हात पुढे करा.’ त्यात मायाही असते आणि हुकूमही. तिथे आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग त्याचं नाव आणि जन्मतारीख विचारायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची, कशाची ॲलर्जी आहे का विचारायचं, काय करणार ते सांगायचं आणि ‘चालेल का’ म्हणून परवानगी घ्यायची. भाची म्हणाली, ‘मामू, सहा वर्षांत मी हजारो सुया टोचल्या असतील. चालेल का, असं कुणाला विचारल्याचं आठवत नाही.’ दोन टप्पे तिला पुन्हा द्यावे लागले. साडेपाच महिन्यांनी तिचं नाव नोंदवहीत चढलं.

त्या साडेपाच महिन्यांत ती काय करत होती? म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होती, भरवत होती, कुशीवर वळवत होती, बेडपॅन देत होती. आपल्याकडे ही कामं नातेवाईक करतात, नाहीतर मावशी आणि वॉर्डबॉय. फोनवर हे ऐकून माझी आपा रडायलाच लागली. ‘एवढं शिकवलं ते लोकांचं गू-मूत काढायला?’ भाची शांतपणे म्हणाली, ‘अम्मी, नोंदणी झाल्यावरही हे करायचंच आहे. इथे हेच नर्सिंग आहे.’

मला वाटतं, त्या महिन्यांत ती परीक्षेत न येणारी भाषा शिकली. आमच्या घरात दख्खनी आणि अंगणात मराठी. दुखण्याला आमच्याकडे शब्दांचा दुष्काळ नाही. कळ येते आणि जाते. ठणका नाडीबरोबर उडतो. चमक क्षणात भरते, रग हळूहळू साचते. मुरडा पोटालाच येतो, डोक्याला येत नाही. आपल्याकडची आजी ‘सणक येते गं’ म्हणाली की कानावर पडताच सिस्टरला निम्मं कळलेलं असतं. तिथे रुग्णाला विचारतात, शून्य ते दहामध्ये तुमचं दुखणं किती? आणि तिथला म्हातारा कण्हत ‘थोडंसंच’ म्हणतो, तेव्हा ते थोडंसं नसतं, हे कोणत्याही पुस्तकात नाही. एका आजीबाईंनी तिला सांगितलं, ‘मला एक पेनी खर्च करायची आहे.’ ही आजींची पर्स शोधू लागली. शेजारची मदतनीस हसली आणि तिने कमोडची खुर्ची आणली. पूर्वी सार्वजनिक शौचालयाच्या दाराला एक पेनी टाकावी लागे, त्यावरून तो वाक्प्रचार. अशा शंभर गोष्टी तिला त्या मदतनीस बायकांनी शिकवल्या. तिच्यापेक्षा त्या कमी शिकलेल्या होत्या, पण त्यांना तिथली कळ कळत होती.

याचा अर्थ सगळं गोड आहे असं नाही. नोंदणीपर्यंत पगार कमी असतो. काही करारांत लिहिलेलं असतं की ठराविक मुदतीआधी नोकरी सोडली तर विमानभाडं, परीक्षेची फी सगळं परत करा. तेव्हा सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत: ओस्कीची फी कोण भरणार? नापास झाल्यास पुन्हा कोण भरणार? मध्येच सोडल्यास किती द्यावं लागेल? पहिले काही आठवडे राहायचं कुठे? २०२१ ते २०२३ या काळात ब्रिटनला भारतीय नर्सेस मोठ्या संख्येने गेल्या, नंतर तो ओघ ओसरला. म्हणजे आधी नोकरीचं पत्र, मग घरावर कर्ज, हा क्रम उलटा करू नये.

आखातासाठी तर सरकारने २०१५ पासून वेगळे नियम केले. कुवेतच्या भरतीत मुलींकडून लाखो रुपये उकळल्याचं उघड झालं, त्यानंतर अशा १८ देशांसाठी नर्सेसना सरकारी मंजुरी सक्तीची झाली. परवानाधारक एजंटाने घ्यायच्या शुल्काला कायद्याने ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. त्यावर कुणी मागत असेल तर तो नोकरी देत नाही, विकतो आहे. जर्मनीचंही आता बोललं जातं. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिथे मात्र आधी जर्मन भाषा, मग बाकी सगळं.

घरच्यांनाही एक विनंती. मुलगी परदेशी पोचली की आपण पहिल्याच महिन्यापासून पैशांची वाट बघतो. तो मधला काळ तिचा असू द्या. त्या दिवसांत तिला मनिऑर्डरीची आठवण करू नका, आपल्या आवाजाची करून द्या.

आणि शेवटचं, जे न जाणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी आहे. केरळच्या मुली कित्येक वर्षं मुंबई-पुण्याच्या इस्पितळांत आपली सेवा करत आल्या आहेत. दूरच्या राज्यांतून आजही मुली इथे येतात. त्यांनीही नावाचं स्पेलिंग दुरुस्त केलेलं असतं, पडताळणीसाठी खेटे घातलेले असतात, एखादा दाखला गमावलेला असतो. उद्या रात्री तुमच्या खाटेशी अशी एखादी मुलगी उभी राहील आणि ‘कळ येते’ म्हणजे काय, हे तिला समजणार नाही. तेव्हा चिडू नका. हात धरून दाखवा, कुठे दुखतं आणि कसं. एक मराठी शब्द तिला द्या. त्याचा उपयोग तुमच्यानंतर त्या खाटेवर येणाऱ्याला होईल.