म्हसवडहून एकट्याने सायकल

सुटीत म्हसवडला आलेला सायकलस्वार आधी किलोमीटर मोजतो. माझ्या मते इथे आधी पाहायचा तो चढ, वारा आणि पाणी. माणगंगा दहिवडीकडून म्हसवडकडे वाहते. म्हणजे गोंदवले-दहिवडीची वाट एकूणात जाताना चढाची, परतताना उताराची. पावसाळ्यात वाराही पश्चिमेचा. म्हणून ताजे पाय आधी तिकडेच खर्चावेत, दमल्यावर उतार आणि वारा दोन्ही घराकडे ढकलतात. आटपाडीच्या बाजूला आधी गेलात, तर हाच हिशेब उलटा बसतो. शिखर शिंगणापूर मात्र शंभू महादेवाच्या डोंगरावर. त्यासाठी वेगळी सकाळ राखा.

कुणी म्हणेल, मोबाइलवर नकाशा असताना एवढी आखणी कशाला? नकाशा वळण दाखवतो. टायरमध्ये रुतलेला बाभळीचा काटा तो उपसून देत नाही. पर्जन्यछायेच्या या माणदेशात दोन गावांमधल्या माळावर सावलीही विरळ. एकट्याने निघताना जादा ट्यूब, पंप आणि दोन बाटल्या पाणी हवंच. प्रत्येक गावात बाटली पुन्हा भरावी. एकट्याच्या मोकळेपणाला यानं बाध येत नाही. घरी मात्र वाट आणि परतायची वेळ सांगून निघा, आणि वाटेत बेत बदललात तर तेवढा एक फोन नक्की करा.