दिवसाला वीस गाड्यांचा रस्ता



संयोजकांनी मला परदेशातल्या नोकरीबद्दल बोलायला सांगितले आहे. आकडे फार सांगणार नाही. गणितात माझे काय होत असे, ते सरांना आठवत असेलच.

मी तीन वर्षे नामिबियात होतो. आपण शाळेत होतो तेव्हा तो देश स्वतंत्रही नव्हता. १९९० साली झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त, लोकसंख्या जेमतेम ३० लाख. रस्ते मात्र सुमारे ४८ हजार किलोमीटर आणि बहुतेक मुरमाचे. एवढ्या थोड्या माणसांना सगळे डांबरी करणे परवडणार कसे? कोरड्या हवेत मुरूम सुटा होतो आणि चाकांच्या उसळीने रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठतात. मग ग्रेडर फिरवून सपाट करायचा. काही महिन्यांनी पुन्हा तेच. किनाऱ्यावर निराळी युक्ती आहे. जिप्समच्या मुरमावर खारे पाणी मारून तो दाबतात. समुद्रावरच्या धुक्याने ओल टिकते आणि रस्ता डांबरासारखा घट्ट राहतो. मात्र धुक्यात निसरडाही होतो.

रेल्वेचेही तसेच. ल्युडेरित्झजवळ वाळूच्या टेकड्या रुळांवर सरकतात. १९०८ मध्ये तिथली वाळू उपसताना झकारियास लेवाला या मजुराला हिरा सापडला. हिऱ्यांवर गावे उभी राहिली. लेवालाच्या हाती काही लागले नाही.

रस्त्यांचा खर्च तिथे इंधनावरच्या आकारातून आणि वाहनांच्या शुल्कातून भागवतात. पैसा ठरावीक. म्हणून कोणत्या रस्त्यावर ग्रेडर किती वेळा न्यायचा, याची यादी करणे हे माझे काम. गाड्या कमी, तर फेऱ्या कमी. दक्षिणेतल्या एका रस्त्यावर दिवसाला वीसेक गाड्या होत्या. मी त्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या. टेबलावर बसून, पाच मिनिटांत.

सात-आठ महिन्यांनी त्याच रस्त्यावर माझी गाडी लाटांवरून घसरून उलटली. वेगही जास्त होता, तो दोष माझाच. खांदा निखळला. दोन तास कोणी फिरकले नाही. मग एक पिकअप आली. मागे दहा-बारा मुले, गाद्या आणि पेट्या. वसतिगृहातून सुटीला घरी निघालेली. आपल्या पत्र्याच्या पेट्या आठवतात ना, तशाच! माझ्या तक्त्यात ही गाडी 'एक' होती.

चालकाने मला पुढे बसवले आणि गाडी तिशीच्या वर नेली नाही. इतके सावकाश का, असे मी विचारले.

"मागे पोरं आहेत, साहेब. पूर्वी मशीन यायचं. हल्ली का येत नाही, कळत नाही."

मी काही बोललो नाही.

खांदा बरा झाल्यावर पहिले काम केले ते त्या रस्त्याच्या फेऱ्या पूर्ववत करण्याचे. पैसा तेवढाच होता, त्यामुळे यादीतला दुसरा एक रस्ता खाली सरकला. त्या रस्त्याने मी कधी गेलो नाही.