पानं गळली म्हणजे झाड गेलं का? – थंडीतला आजारी बोन्साय

(या भागाचा लिखित मजकूर. बोललेलं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे बघा' वगैरे कमी केलंत.)

आज आवाज थोडा बसलेला वाटेल. जव्हारला थंडी पडलीय. मुंबईतल्या लोकांना हे सांगितलं की हसतात, म्हणतात पालघर जिल्ह्यात कसली थंडी? अरे, एकदा पहाटे मोखाड्याच्या एसटीत खिडकीपाशी बसून बघा, मग बोलू.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे निघाला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोडाळ्याच्या बाजूच्या एका मुलीने पाठवली होती, बारावीला आहे. तिने परवानगी दिलीय, नाव मात्र सांगत नाही. ती म्हणाली, "दादा, आमच्या बाबांचा वड आहे, कुंडीतला. बाबा दिवाळीनंतर कामाला गेले. माझ्यावर सोपवून गेलेत. आता रोज पानं गळतात. मी रोज पाणी घालते तरी गळतात. मेला का तो?"

तिचे बाबा दरवर्षी वसईकडे एका नर्सरीत हंगामी कामाला जातात. आपल्याकडे भात-नागली घरात आली की निम्मं गाव खाली उतरतं, कोण वीटभट्टीवर, कोण बांधकामावर, आणि होळीला परत. तर बाबांनी नर्सरीत बघून बघून हे शिकलं. जुन्या विहिरीच्या कठड्यात उगवलेलं वडाचं रोप काढून आणलं आणि अकरा वर्षं एका उथळ कुंडीत वाढवलं. मुलगी पहिलीत होती तेव्हापासूनचं झाड. आणि होळीला बाबा येणार. त्यामुळे पोरगी रडवेली झाली होती.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, शेळी बांधता का जवळ? हसू नका. वडाची पानं शेळीला जिलेबीसारखी. पण शेळी नव्हती.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मोबाईलवर 'विंटर बोन्साय केअर' शोधलं की सगळे व्हिडिओ बर्फाच्या देशातले येतात. तिकडची भीती वेगळी. तिकडे कुंडीतलं पाणी गोठतं, मुळं गोठतात, म्हणून ते कुंडी जमिनीत पुरतात, शेडमध्ये नेतात. आपल्याकडे मातीतलं पाणी गोठत नाही. आपल्याकडे थंडीत रात्र गार, दुपार कडक आणि वारा कोरडा. आणि झाडंही वेगळी. पायर, उंबर थंडीत पानं टाकतात, पिंपळ थोडा उशिरा टाकतो. सागाकडे बघा ना, रानात आत्ता काय अवस्था आहे त्याची! कुंडीतल्या पायरीने जानेवारीत पानं टाकली तर तिला काही झालेलं नाही, गप्प बसा. पण वड तसा एकदम रिकामा होत नाही. वड रिकामा होतोय म्हणजे काहीतरी दुखतंय.

मग जिवंत आहे की नाही हे कसं ओळखायचं? नखाने. बारीक फांदीच्या टोकाकडे साल किंचित खरवडायची. आतून हिरवं आणि ओलसर दिसलं, वडाच्या बाबतीत पांढरा चीक आला, तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर थोडं खोडाकडे सरकून परत बघायचं. टोकं मेली म्हणजे झाड मेलं असं नाही. पण दर दोन दिवसांनी सगळीकडे खरवडत बसू नका, आजाऱ्याला रोज टोचण्यासारखं आहे ते.

तिने खरवडलं. दोन फांद्यांची टोकं गेली होती, बाकी ठिकाणी चीक आला. त्या दिवशीची व्हॉइस नोट फक्त चार सेकंदांची आहे. "दादा, चीक आला!"

मग मी तिला बोट मातीत घालायला सांगितलं, दुसऱ्या पेरापर्यंत. वरून माती कोरडी, आत गारढोण चिखल. कुंडी उचलून बुडाचं भोक बघ म्हटलं, तर ते मुळांनी आणि गाळाने बंद.

म्हणजे बघा, आजार थंडीत दिसला, पण लागला पावसाळ्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. उथळ कुंडीतली माती त्या माऱ्याने घट्ट बसते, बारीक गाळ तळाला जातो, भोक बुजतं. मुळांना हवा लागते, हे आपण विसरतो. पाण्यात बुडालेलं मूळ गुदमरतं आणि कुजतं. पावसात हवा दमट असते म्हणून झाड कसंबसं तग धरतं. मग ऑक्टोबरचं ऊन, त्यानंतर कोरडा वारा. पानं पाणी मागतात आणि खाली मुळंच उरलेली नसतात. पानं मलूल होतात. ती बघून आपण काय करतो? अजून पाणी घालतो! तेही संध्याकाळी. रात्रभर मुळं गार चिखलात.

पोरगी प्रेमानेच बुडवत होती झाडाला. हे मी तिला असं सांगितलं नाही, अर्थात.

आणि यात तिची आई रोज कुरकुर करत होती, ती बरोबरच होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोखाड्यात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावं लागतं. डोक्यावरून आणलेल्या हंड्यातलं पाणी कुंडीत ओतताना कोणत्या आईला बरं वाटेल? म्हणून हे लक्षात ठेवा: पानं नाहीत तर तहान नाही. झाड पाणी उडवतं ते पानांतून. पानं गळलेल्या झाडाला निम्म्याहून कमी पाणी लागतं. बोट घालायचं, आत ओल लागली तर त्या दिवशी काही नाही. कोरडं व्हायला लागलं की सकाळी, ऊन अंगावर आल्यावर, बुडातून निथळेपर्यंत एकदा नीट घालायचं. भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं किंवा खारट पाणी नको.

पुढे काय केलं? बांबूची काडी घेऊन खालून भोक मोकळं केलं. कुंडीच्या एका बाजूला खाली लाकडाचा तुकडा ठेवून ती तिरकी केली, म्हणजे पाणी एका कडेला उतरून निथळतं. साधी युक्ती आहे, पण आठवड्यात फरक पडतो. माती वरवर काडीने भोसकून सैल केली, मुळं न तोडता.

माती बदलायची का? सहसा थंडीत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची माती बदलायची ती उकाडा सुरू झाल्यावर, झाड जोरात असताना. थंडीत कापलेली मुळं लवकर भरून येत नाहीत. अपवाद एकच: मातीला कुजका, आंबूस वास येत असेल तर थांबू नका. हिच्या कुंडीला आला. मग अलगद काढून काळी, मऊ, बोटात सालटं निघणारी मुळं कात्रीने काढली, पांढरी-तपकिरी घट्ट मुळं ठेवली. नवीन मातीत निम्म्याहून जास्त विटांचे तुकडे, तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे, पीठ चाळून टाकलेले. बाकी जाड वाळू आणि थोडं जुनं शेणखत. आमच्याकडे फुटक्या विटांना तोटा नाही. बाहेरचे लोक जपानची महागडी माती ऑनलाईन मागवतात, मागवू देत.

जागा बदलली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून घराच्या दक्षिणेच्या कुडाच्या भिंतीला लागून ठेवलं. सकाळचं ऊन मिळतं, वारा अडतो, आणि भिंत रात्री थोडी ऊब देते. कुंडीभोवती गोणपाट, वर पेंढ्याचा पातळ थर. कोंबड्यांनी तो दोनदा उकरला, मग टोपली उपडी घातली.

भिंतीवरून आठवलं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक पाइनचा बोन्साय आहे, १६२५ पासून वाढवलेला. १९४५ मध्ये तो हिरोशिमात यामाकी नावाच्या कुटुंबाच्या अंगणात होता. बॉम्ब पडला तिथून साधारण तीन किलोमीटरवर. भिंतीच्या आडोशाला होता म्हणून वाचला. १९७६ मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि बॉम्बचं काही बोललेच नाहीत. २००१ मध्ये नातवंडं झाड बघायला गेली तेव्हा ते तिथल्या लोकांना कळलं. असो, विषयांतर झालं.

खताबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे, कारण हे पाप मी केलंय. चार वर्षांपूर्वी माझी पायर मलूल दिसली आणि मी 'ताकद येऊ दे' म्हणून चमचाभर युरिया घातला. आठवड्यात गेली. ज्याला मुळं नाहीत त्याने खत खायचं कशाने? उलट मातीत क्षार वाढले की ते मुळांतलंच पाणी बाहेर ओढतात. नवीन पानं नीट उघडेपर्यंत काही नाही. टॉनिक नाही, जीवामृत नाही, यूट्यूबवाल्याची कॉफी पावडर तर नाहीच.

कीड बघायची ती पानाच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात. कापसासारखं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, बारीक जाळं आणि फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. कोरड्या हवेत तो फार वाढतो. ओल्या फडक्याने पुसा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारा. तार गुंडाळलेली असेल आणि सालीत रुतत असेल तर उलगडू नका, पक्कडीने तुकडे करून काढा.

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. हा सगळ्यात वाईट काळ. ती रोज फोटो पाठवायची आणि मी रोज तेच लिहायचो, "हात लावू नकोस." एकदा तर तिने विचारलं, बाबांना फोन करून सांगू का. मी म्हटलं सांग. तिने सांगितलं. बाबा म्हणाले, "दरवर्षी मी जायच्या आधी भोक साफ करतो, यंदा घाईत राहिलं." एवढंच.

प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी फोटो आला. खोडाजवळच्या फांदीच्या टोकाला सुईसारखा टोकदार, फिकट हिरवा कोंब. काल मोजले तर सात झालेत. डावीकडची एक फांदी मात्र पूर्ण गेलीय, खरवडलं तर खोडापर्यंत कोरडी.

ती विचारते, ती कापू का? मी म्हटलं, राहू दे. वाळलेली फांदी झाडाला त्रास देत नाही. होळीला बाबा येतील, अकरा वर्षं त्यांनीच तिला वळण दिलंय, कापायची की तशीच ठेवायची ते त्यांना ठरवू दे.

तुमचं झाड आजारी असेल तर फोटो पाठवा, दिवसाउजेडी काढलेला. आणि कुंडीच्या बुडाचाही पाठवा, सगळे फक्त वरचाच पाठवतात. पुढच्या भागात मोगऱ्याच्या छाटणीबद्दल बोलू. चला, शेकोटी विझत आलीय.